अर्धा कोबी

घटस्फोट झालेल्या बाईने कसं दिसावं, याबद्दल आपल्याकडे कमालीचं एकमत आहे. वजन थोडं उतरलेलं असावं. कपडे फिक्या रंगाचे असावेत. बोलता बोलता मधेच खिडकीबाहेर बघत गप्प होण्याची सवय लागलेली असावी. वय पन्नाशीला टेकलेलं असेल तर डोळ्यांखाली काळी वर्तुळं तर हवीतच. या सगळ्या परीक्षेत मी सपशेल नापास झाले. घटस्फोटानंतर माझं वजन वाढलं. रात्री साडेदहाला लागलेली झोप सकाळी दूधवाल्याच्या बेलनेच मोडते. खिडकीबाहेर मी बघते खरी, पण समोरच्या इमारतीला रंग देणं चाललंय आणि तिथल्या कमिटीने निवडलेला पोपटी रंग इतका भयंकर आहे की तो रोज कुठपर्यंत पोचला ते बघितल्याशिवाय राहवत नाही.

भेटायला येणारी मंडळी मात्र तयारीनिशी येतात. आवाज दाराबाहेरच उतरवून ठेवलेला, पर्समधला रुमाल वरच्या कप्प्यात आणलेला. "कशी आहेस?" हा प्रश्न एरवी कुणी उत्तरासाठी विचारत नाही, मला विचारणारे उत्तर मिळेपर्यंत हात सोडत नाहीत. मी "मजेत" म्हणते. मग कुणाला काय बोलावं सुचत नाही. चहा होतो, रुमाल न वापरताच परत जातो. "मजेत म्हणाली हो बिचारी," असं त्या जिना उतरताना एकमेकींना सांगतात. आमचा जिना फार घुमतो, त्यामुळे माझ्या मनःस्थितीची ताजी बातमी मला घरबसल्या कळत राहते.

त्यातून लोकांना कारण लागतं. माझ्या आत्याने तर फोनवर रीतसर उलटतपासणी घेतली.

"पीत होते का गं?"

"नाही आत्या."

"बाहेर काही प्रकरण?"

"छे."

"हात उचलायचे?" या प्रश्नात थोडी आशा होती.

"कधीच नाही."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणजे आहे, पण त्याची गोष्ट होत नाही. मुलगा शिकला, नोकरीसाठी बंगळुरूला गेला. घरात आम्ही दोघं आणि टीव्ही उरलो. थोड्या दिवसांनी लक्षात आलं की तिघांत बोलतो तो फक्त टीव्ही. ते बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघायचे, मी आतल्या खोलीत वाचत पडायचे. भांडणं नव्हती, भांडायलासुद्धा एखादा विषय दोघांत मिळून लागतो. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "एवढंच? अगं, मग आमचं काय वेगळं होतं?" आणि मग तीच बराच वेळ बोलली नाही.

त्या मानाने कायदा पुष्कळ समजूतदार निघाला. हिंदू विवाह कायदा 1955 चा, पण परस्पर संमतीने वेगळं होण्याची सोय त्यात 1976 मध्ये आली. तोवर वेगळं व्हायला कुणीतरी एकाने नालायक असणं भाग होतं. या सोयीला अट अशी की अर्जाच्या आधी किमान वर्षभर दोघं वेगळे राहिलेले असावेत. आमची पंचाईत झाली, कारण आम्ही एकाच घरात, एकाच फ्रीजवर राहत होतो. पण वकीलबाई म्हणाल्या, अडचण नाही; वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगून ठेवलंय.

"तर तसं तुम्ही कधीपासून राहताय?" त्यांनी पेन उघडत विचारलं.

"मुलगा दहावीला होता तेव्हापासून," मी म्हणाले.

"नाही नाही, सातवीला," आमचे यजमान म्हणाले. "गणपतीनंतर."

लग्नाचा वाढदिवस या माणसाच्या कधी लक्षात राहिला नव्हता. ही तारीख त्यांना महिन्यासकट पाठ होती.

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आम्ही बरोबरच गेलो, कारण दोन रिक्षा कशाला. तिथल्या समुपदेशक बाई अनुभवी होत्या. त्यांच्यासमोर रोज आरडाओरडा, रडारड, क्वचित चप्पल. आमचा नंबर लागला तेव्हा यजमानांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली आणि मी पर्समधून त्यांची बीपीची गोळी काढून दिली. बाई आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या. "अहो, तुमचं तर छान चाललंय," त्या म्हणाल्या. खरं होतं. घटस्फोट घ्यायचं ठरल्यापासून आमचं फारच छान चाललं होतं. बोलायला विषय मिळाला होता. कागदपत्रं, झेरॉक्स, तारखा, फ्लॅटचे पैसे, पितळी भांडी कुणाकडे. एवढं आम्ही लग्न ठरवतानाही बोललो नव्हतो. तेव्हाचा सगळा निर्णय एका बशीभर पोह्यांच्या आत झाला होता आणि पोहे मी केलेलेही नव्हते, काकूने केले होते.

अर्ज केल्यावर विचार बदलायला सहा महिने देतात. ही मुदत योग्य कारण असेल तर माफ होऊ शकते, असा 2017 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. "माफीचा अर्ज करायचा का?" असं वकीलबाईंनी विचारल्यावर यजमान म्हणाले, "राहू द्या. सध्या मार्चअखेर आहे." लग्नाचा मुहूर्त त्यांच्या आईने पंचांग बघून काढला होता, घटस्फोटाचा त्यांनी आर्थिक वर्ष बघून काढला.

माझ्या कामाच्या बाईंना मी ही बातमी जरा भीतभीतच दिली. त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "काडीमोड घेतली म्हणा की." त्यांच्या गावाकडे त्यांच्या आत्याने पंचांसमोर काडी मोडून नवरा सोडला होता आणि पुढच्या साली दुसरा पाट लावला होता. गाव जेवून गेलं. कुणी खिडकीबाहेर बघत बसलं नाही. आपण पांढरपेशे मात्र घटस्फोट विलायतेहून बोटीने आला असं मानून चालतो. पुष्कळ जातींमध्ये काडीमोडीची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. अडून बसलो होतो ते आपणच. सयाजीरावांच्या बडोदे संस्थानात 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, मुंबई प्रांतात 1947 मध्ये. त्याच्या आधीचं बघायचं तर रखमाबाईंकडे जावं लागतं. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्याने 1884 मध्ये दावा लावला, आणि 1887 मध्ये न्यायालयाने त्यांना नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय दिला. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन नवरा गप्प बसला. पोटगी बायकोने नवऱ्याला दिली आणि ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली! हे सगळं मी कामाच्या बाईंना उत्साहाने सांगितलं. "दोन हजार लई झाले," त्या म्हणाल्या. "त्या काळात."

खरी कसोटी घर शोधताना लागली. एजंटने पहिल्याच फोनवर विचारलं, "फॅमिली आहे ना मॅडम?"

"मी आहे."

"ते झालं. पण फॅमिली?"

"मीच."

"म्हणजे बॅचलर."

लग्नाच्या वयाचा मुलगा असलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या, रात्री इसबगोल घेणाऱ्या बाईला त्या दिवशी बॅचलर पदवी मिळाली. बॅचलरना घर देत नाहीत, कारण ते रात्री उशिरा पार्ट्या करतात. मी एजंटला माझी रात्रीची वेळ सांगितली. त्याने ती मालकांना कळवली. मालकांना शंका आली की एवढ्या लवकर झोपणारी बाई आजारी असेल. वारज्यापासून कर्वेनगरपर्यंत हिंडून एक वन बीएचके मिळाला, तोही मालकीणबाईंनी माझी मुलाखत घेतल्यावर. त्यांचे प्रश्न मुद्देसूद होते. मांसाहार? नाही. कुत्रा? नाही. पाहुणे? कधीतरी मुलगा. पुरुष पाहुणे? मी म्हणाले, सिलिंडरवाला. त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

करार अकरा महिन्यांचा, ऑनलाइन नोंदवलेला, अंगठे कॉम्प्युटरवर उमटवलेले. त्यात एक कलम मला फार आवडलं. घर सोडताना जागा जशी घेतली तशीच परत द्यायची, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. त्या झिजेचे पैसे कापायचे नाहीत. ज्याने हे कलम पहिल्यांदा लिहिलं, तो माणूस संसारी असणार.

आता विकत घेण्याचा विचार चाललाय. महाराष्ट्रात 2021 पासून घर बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट. कंडक्टर काहीच विचारत नाही, आहे का नवरा, कुठे असतो, का सोडलं, नुसतं "कुठं?" म्हणतो. महाराष्ट्रात माझी एवढी कमी चौकशी दुसऱ्या कुणी केलेली नाही. अधूनमधून मी उगाच वाईला जाऊन येते.

नावाचा प्रश्न मात्र बिकट आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहून माझं पहिलं नावसुद्धा बदललेलं. आता जुनं परत घ्यायचं म्हटलं तर तांदूळ चालत नाहीत, राजपत्र लागतं. तोवर बँकेत मी एक आहे, पॅनकार्डावर दुसरी, आणि गॅसच्या पुस्तकात मी नाहीच, माजी यजमान आहेत. पासपोर्टवाले मात्र सुधारले. 2016 च्या अखेरीपासून घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. सगळ्यांत दचकले ते विम्याच्या कागदाला. घटस्फोट झाला म्हणून पॉलिसीवरचा नॉमिनी आपोआप बदलत नाही. म्हणजे मधल्या काळात मी रस्ता ओलांडताना गेले असते, तर माझ्या मरणाने सुखावणारा अधिकृत माणूस तोच राहिला असता. मी फोन करून त्यांना हे सांगितलं. "माझ्या पॉलिसीवर पण तूच आहेस," ते म्हणाले. मग दोघांनीही घाईने फॉर्म भरले.

मंगळसूत्र मोडायला लक्ष्मी रोडवर गेले. सराफाने वाट्या उलट्यासुलट्या केल्या आणि सांगितलं, आत लाख भरलेली आहे, ती काढून वजन धरावं लागेल. पोकळ वाट्या चेपू नयेत म्हणून लाख भरतात, ही जुनी रीत. काढली. काटा बराच खाली आला. पाव शतक मी जे सोनं म्हणून मिरवलं त्यात लाख किती होती ते पाहून सराफालाच संकोच वाटला. "सगळ्यांचंच असतं वहिनी," तो म्हणाला. मी बांगड्या करून घेतल्या. काळे मणी मात्र त्याने कागदाच्या पुडीत बांधून परत दिले, ते तो घेत नाही. आता काळ्या मण्यांचं करायचं काय? टाकायला हात होईना, ठेवायला कारण सापडेना. शेवटी कामाच्या बाईंनी विचारलं, "ताई, मला देता?" त्यांच्या नव्या नातीच्या दोन्ही हातांत आता मनगट्या आहेत. तिला दृष्ट लागत नाही म्हणतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलवावं की नाही, यावर आमच्या जुन्या सोसायटीत बराच खल झाला असावा, कारण आमंत्रण भोगीच्या रात्री उशिरा आलं आणि त्यातही "तुला चालत असेल तर" अशी पुरवणी होती. मला चालत होतं. तिळगूळ कुणाला चालत नाही? माझ्यापाशी आल्यावर यजमानीणबाईंचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं. सगळ्या बायका एकदम गप्प. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्यांच्या नव्वदीच्या सासूबाई ओरडल्या, "लाव की गं! तिचा नवरा जिवंत आहे." मुद्दा बिनतोड होता. माजी यजमानांची प्रकृती उत्तम आहे, रोज तळजाईला चालायला जातात. मला कुंकू लागलं, झाकणाचा डबा लुटायला मिळाला, आणि त्यांची प्रकृती अशीच राहो अशी मी मनापासून प्रार्थना केली.

माझ्या स्वतःच्या सासूबाईंचं एक वेगळंच. "माझ्याशी कुठे झालाय तुझा घटस्फोट?" असं म्हणून त्या दरवर्षीप्रमाणे लोणच्याची बरणी पाठवतात. या वर्षी बरणी दोन घरी गेली. मुलाच्या डोक्यात हिशेब आधीच पक्का झाला होता. आम्ही दोघांनी त्याला गंभीर आवाजात व्हिडिओ कॉलवर बातमी दिली, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे दिवाळीला फराळ दोन ठिकाणी?" मग त्याच्या लक्षात आलं की एका ठिकाणी तो विकतचा असणार.

एकटीच्या संसारात सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे मापं. दुःख, एकटेपणा वगैरे पुढचं पुढे. आधी आमटी किती करायची? माझा हात चार माणसांचा. पातेलंभर आमटी करायची आणि तीन दिवस तिच्याशी एकनिष्ठ राहायचं. दोन लिटरचा कुकर आणला. तो इतका छोटा आहे की त्याची शिट्टीही बिचकत वाजते. चौदा किलोचा सिलिंडर संपता संपेना, म्हणून पाच किलोचा आणला. कलिंगड बंद केलं. एकट्या माणसाने कलिंगड घेतलं की आठवडाभर फ्रीज कलिंगडाचा असतो, आपण भाडेकरू.

आणि कोबी. आमच्या भाजीवाल्याकडचे कोबी हे समारंभाच्या आकाराचे. अर्धा कापून दे म्हटलं तर म्हणाला, "मावशी, उरलेला कुणाला विकू? तुमच्यासारखी अजून एक गिऱ्हाईक आणा." मी म्हटलं कुठून आणू? त्याने विचार केला आणि स्वतःच आणलं. बी विंगमधले निवृत्त पोस्टमास्तर, बायको जाऊन काही वर्षं झालेली, तेही अर्धाच मागायचे. तेव्हापासून आमच्यात कोबीचा करार आहे. पुढे त्यात दुधी आला, लाल भोपळा आला, अळूची जुडी आली. पोस्टमास्तर मोजमापाला पक्के आहेत. भोपळा ते सुतळीने मधोमध आखून मग कापायला लावतात आणि बियांचा भाग कुणाकडे गेला ते लक्षात ठेवतात. आमचं एकूण संभाषण "उद्या फ्लॉवर?" आणि "बघू" एवढंच असतं.

एवढ्यावर सोसायटीचे सेक्रेटरी एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "मॅडम, आपली फॅमिली सोसायटी आहे." मी म्हटलं, हो ना. ते म्हणाले, "नाही, म्हणजे लोक बोलतात." मी विचारलं, काय बोलतात? त्यांचा मजला आला. लोक काय बोलतात ते मला माझ्या नाशिकच्या मावशीकडून त्याच संध्याकाळी कळलं. बातमी वारज्याहून नाशिकला कुठल्या मार्गाने गेली देव जाणे. मावशीचा आवाज मात्र आनंदी होता. "पोस्टमास्तर म्हणजे पेन्शन असेल," ती म्हणाली.

मावशीला माझं दुसरं लग्न लावायचंय. हुकूमनाम्यावरची शाई वाळायच्या आत तिने जाहिराती पाठवायला सुरुवात केली. लग्नाच्या जाहिरातींत 'नाममात्र घटस्फोटित' नावाचा एक वर्ग असतो, म्हणजे लग्न नावापुरतंच झालेलं. याला बाजारात भाव बरा. माझं लग्नही बरीच वर्षं नाममात्रच होतं, पण मावशी म्हणते की पाव शतक टिकलेल्याला ते लागू होत नाही. माझ्या वाट्याला येतात ते असे: वय 58, तरुण दिसणारे, निवृत्त, स्वतःचा टू बीएचके, मुलगी अमेरिकेत, शुगर कंट्रोलमध्ये, अपेक्षा: मनमिळाऊ, निरोगी, घरकामाची आवड असणारी, वय 40 ते 45. यातली प्रत्येक अपेक्षा मी तपासून पाहिली. वयात बसत नाही. मनमिळाऊ आहे, पण सकाळी दहानंतर. घरकामाची आवड असणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. घरकाम करणारी पाहिली आहेत.

मावशीच्या समाधानासाठी एका गृहस्थांना कर्वे रस्त्यावरच्या हॉटेलात भेटले. सज्जन होते. त्यांनी फाइल आणली होती. मला वाटलं जन्मपत्रिका असेल, तर लिपिड प्रोफाइल होतं. "तेल कमी चालतं मला," ते म्हणाले, "आणि रात्री फक्त भाकरी. येते ना तुम्हाला?" येते. फार सुरेख येते. पण त्यांनी फाइल मिटल्यावरही मी काय खाते हे विचारलं नाही, म्हणून मीच वेटरला बोलावून बटाटेवडा मागवला. आमच्या बटाटेवड्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्याकडे एकदा वळली असती तर मी कदाचित विचार केला असता.

माजी यजमानांना स्थळं जास्त चांगली येतात म्हणे. पुरुषाचं घटस्फोटानंतर तसंच होतं, लोकांना आधी वाटतं की त्याला जेवायला कोण घालतं. त्यांना जेवायला डबेवाल्या मावशी घालतात, पण रविवारी सुट्टी असते. म्हणून रविवारी सकाळी माझा फोन वाजतो.

"जिरं कुठल्या डब्यात असतं?"

"मी ते घर सोडून दीड वर्ष झालं."

"हो, पण डबे तेच आहेत."

सगळी वाटणी कागदावर झाली होती. फ्लॅट, ठेवी, पितळी घंगाळ, सगळं. कुठल्या डब्यात काय, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही, ते माझ्या डोक्यातच निघून आलं. आता ते फोनवरून हप्त्याहप्त्याने परत करतेय. परवा ते खिचडीला फोडणी देताना फोन चालू ठेवूनच होते. मोहरी तडतडल्याचा आवाज आला, मग त्यांचा, "जमलं!" एवढा उत्साह मी त्यांच्या आवाजात भारत विश्वचषक जिंकला तेव्हा ऐकला होता. "मीठ घाला," मी म्हटलं आणि ठेवला.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या भिशीच्या बायकांनी ठरवलं की ही वेळ माझ्याकडे घ्यायची, मला जरा बरं वाटेल. चार वाजता सगळ्या आल्या, रुमालासकट. वन बीएचके बघायला वेळ लागत नाही, पण त्यांनी लावला. एकीने कपाट उघडून पाहिलं. "सगळं तुझंच?" सगळं माझंच. दुसरीने फ्रीज उघडला. आत दही, लिंबं, अर्धा कोबी आणि झाकलेली एक वाटी. "रात्रीचं एवढंच?" एवढंच. "आणि कुणी अचानक आलं तर?" मी म्हटलं, तर माझी परवानगी विचारून येतील. फ्रीजचं दार जरा जास्तच वेळ उघडं राहिलं. मग सांत्वन करायचा विषय निघालाच नाही. भेळ झाली, परत भेळ झाली. एक दिवाणावर आडवी झाली ती तिथेच घोरायला लागली. तिच्या घरी म्हणे तिला झोपेची गोळी लागते. हिशेब, पत्ते, कुणाच्या सुनेचं काय, बाहेर अंधार पडला तरी कुणी पायात चपला घालेना.

साडेसातला फोन सुरू झाले. पर्सा खोलीभर थरथरू लागल्या. एकीने फ्रीजमधल्या कप्प्यांचा नकाशा फोनवर समजावला, दुसरीने कोथिंबीर आणि पुदिना यांतला फरक सांगितला, तिसरीने नाव बघून फोन उशीखाली सरकवला. सगळ्यांत जास्त हळहळणारी, माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आलेली मैत्रीण पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती, मांडीवर तिसऱ्यांदा भरलेली बशी. तिने फोन घेतला आणि आवाज एकदम खाली आणला.

"अहो, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. कुठला म्हणजे? आपल्याकडे एकच कुकर आहे. नाही, नाही निघता येणार इतक्यात. तिला फार एकटं वाटतंय हो. काही खात नाही, पीत नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसते. आणखी तासभर तरी थांबावं लागेल."

आणि फोन हाताने झाकून मला म्हणाली, "चिंचेची चटणी संपली का गं?"